पाय गेल्यावर मिळणारा दाखला

शासनाच्या दप्तरी अपंगत्वाला एक आकडा आहे, आणि तो आकडा 40 आहे. वैद्यकीय मंडळाने चाळीस टक्के लिहून दिले की माणूस अनुदानाला, सवलतीला आणि राखीव जागेला पात्र होतो. एकोणचाळीस लिहिले, तर त्याच्या हाती फार तर पांढऱ्या रंगाचे ओळखपत्र पडते. 2024 साली सुधारलेल्या नियमांनुसार चाळिसापासून पुढे पिवळे आणि ऐंशीपासून पुढे निळे, अशी ही रंगांची वाटणी आहे. ती सुटसुटीत आहे, यात शंका नाही. परंतु ज्याचा देह एका दिवशी न मोडता वीस-वीस वर्षे तिळातिळाने झिजतो, त्या मधुमेही माणसाचे या तीन रंगांत नेमके स्थान कोणते, हा प्रश्न आम्हांला विचारावयाचा आहे. आणि तो खेडसारख्या तालुक्यातून विचारावयाचा आहे. कारण मुंबई-पुण्यात ज्या अडचणीवर पैसा तोडगा काढतो, तीच अडचण येथे माणसाला अंथरुणाला खिळवते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. प्रत्येक मधुमेही अपंग आहे, असे आमचे म्हणणे नाही. वेळेवर गोळ्या घेऊन, पथ्य सांभाळून सत्तरी-पंचाहत्तरीपर्यंत शेताच्या बांधावर उभी राहणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना अनुदान नको आहे, आणि त्यांनी ते मागूही नये. आमचा आक्षेप मोजपट्टीवर आहे. ही मोजपट्टी देहातून काय कापले गेले ते मोजते. हातून किती काम गेले ते मोजत नाही. म्हणून मधुमेहाने काम हिरावून घेतलेल्या गरीब माणसाला शासनाच्या दारात उभे राहण्यासाठी आधी बोट द्यावे लागते, मग पाय द्यावा लागतो, मग डोळा द्यावा लागतो. तोवर मदत येत नाही. आणि येते तेव्हा ती वरातीमागून आलेले घोडे असते.

हा रोग आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख माणसांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण 11.4 टक्के पडते. शेजारच्या गोव्यात तर ते 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वांत अधिक, निघाले. कोकणचा माणूस या हिशेबातून सुटलेला नाही. मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेला चाकरमानी, लोटे परशुरामच्या कारखान्यांत पाळीपाळीने राबणारा कंत्राटी कामगार, आषाढात गुडघाभर चिखलात अनवाणी भात लावणारी बाई, या साऱ्यांच्या घरांत साखरेचा हा पाहुणा येऊन बसला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अपंग व्यक्तींचा पहिला व्यापक कायदा 1995 साली झाला आणि 1996 च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. पुढे 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला मान्यता दिली, आणि त्या कराराला अनुसरून 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. सातांचे एकवीस प्रकार झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे विकार त्यात आले, कंपवात आला, ॲसिड हल्ल्यातील पीडित आले. हे सारे योग्यच झाले. त्या एकवीस नावांत मधुमेह मात्र नाही. मूत्रपिंड निकामी होणे हेही नाही. संगणकावर अर्ज भरताना या एकवीस नावांतूनच एक नाव निवडावे लागते. अर्जदाराच्या देहात काहीही घडत असो, यादीत नाव नसेल तर त्याच्यापुरता तो रोग अस्तित्वात नाही.

आणि गंमत अशी की त्याच कायद्याने दिव्यांग व्यक्तीची जी व्याख्या केली आहे, ती अतिशय उदार आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक किंवा मानसिक उणीव, जिची समाजातील अडथळ्यांशी गाठ पडली असता माणसाला इतरांच्या बरोबरीने पूर्ण सहभाग घेता येत नाही, असा त्या व्याख्येचा आशय आहे. दिवसातून तीन-चार वेळा सुई टोचून घेणारा, साखर एकाएकी उतरली की भोवळ येऊन पडणारा, तळपायाची जाणीव गेल्यामुळे काट्याकुट्यात चालू न शकणारा मजूर या व्याख्येत बसत नाही काय? बसतो. पण व्याख्येने उघडलेले दार अनुसूची लावून घेते. त्या अनुसूचीच्या अखेरीस केंद्र सरकार अधिसूचित करील असा अन्य कोणताही प्रकार तीत घालता येईल, अशी तरतूद आहे. म्हणजे कुलूप आहे, किल्ली आहे, आणि किल्ली दिल्लीच्या खिशात आहे. 2017 च्या एप्रिलमध्ये कायदा अमलात आला. तेव्हापासून मधुमेहासाठी ती किल्ली खिशाबाहेर निघालेली नाही.

यादीत मधुमेह नसला तरी मधुमेहाने केलेली हानी यादीत सापडते, असे उत्तर आम्हांला दिले जाते. दृष्टी गेली तर दृष्टिदोष, पाय कापला तर अस्थिव्यंग. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. म्हणूनच त्यातला निष्ठुरपणा उघड करून दाखवणे आवश्यक आहे. मोजमापाच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक अवयवाला टक्के नेमून दिलेले आहेत. पायाचा अंगठा गेला तर 10 टक्के. पायाची पाचही बोटे गेली तर 20 टक्के. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला राहिला तर 30 टक्के. म्हणजे गँगरीन होऊन एका पायाची सगळी बोटे गमावलेला शेतमजूर चाळिसाच्या अर्ध्या वाटेवर उभा असतो. जो कधी भाताच्या खाचरात उतरला आहे, त्याला विचारा: पायाला बोटे नसताना चिखलात तोल कसा सावरायचा? डोक्यावर गवताचा भारा घेऊन घाटी कशी चढायची? कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्याच्या आणि डोंगरउतारावर नांगर धरणाऱ्याच्या पायाच्या बोटांची किंमत या तक्त्यात सारखीच आहे.

हे गणित येथेच थांबत नाही. दोन निरनिराळी अपंगत्वे असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. त्यासाठी एक सूत्र आहे. मोठा आकडा आधी घ्यायचा; नव्वदातून तो वजा करून राहिलेल्या बाकीने लहान आकड्याला गुणायचे; येणाऱ्या संख्येला नव्वदने भागायचे, आणि तो भागाकार मोठ्या आकड्यात मिळवायचा. एक डोळा आणि एका पायाची पाचही बोटे गमावलेल्या माणसाचे या सूत्राने 43 टक्के भरतात. म्हणजे तो पात्र ठरतो! आम्ही उद्गारचिन्ह मुद्दाम घातले आहे. एक डोळा आणि पायाची पाच बोटे ही या राज्यात अनुदानाच्या दारातली प्रवेश-फी आहे. ज्याने डोळा गमावला पण बोटे राखली, त्याने इतकी खबरदारी घ्यायला नको होती, असेच जणू हा हिशेब सुचवतो.

आणि ज्याचे मूत्रपिंड गेले त्याचे काय? आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-चार तास, यंत्राला जोडून घेतल्याखेरीज जो जगू शकत नाही, आणि उरलेल्या दिवशी ज्याच्या अंगात घागर उचलण्याचे त्राण राहत नाही, त्याचे अपंगत्व एकवीस प्रकारांच्या यादीनुसार शून्य टक्के भरते. हात जागेवर, पाय जागेवर, डोळे जागेवर, तक्रार कसली? एस.टी. महामंडळाला मात्र हा माणूस दिसतो. डायलिसिसच्या रुग्णाला एस.टी. प्रवासभाड्यात सवलत देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेलाही तो दिसतो. डायलिसिसचा खर्च ती योजना उचलते. त्याला गाडीत बसवणारे शासन आहे, यंत्राला जोडणारे शासन आहे. पण तो घरी परतल्यावर त्याच्या चुलीवर काय शिजते हे विचारणाऱ्या शासनाला तो दिसत नाही. एकाच राज्याच्या तीन डोळ्यांपैकी दोन उघडे आणि तिसरा मिटलेला, हा कोणता न्याय?

या चुलीचा प्रश्न सोडवण्यासाठीच महाराष्ट्रात एक योजना आहे. 1980 साली, कोकणचेच सुपुत्र बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. निराधार व्यक्ती, विधवा, परित्यक्ता आणि अपंग यांच्याबरोबरच या योजनेत आणखी एका वर्गाचा समावेश आहे: क्षयरोग, पक्षघात, प्रमस्तिष्कघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी स्त्री-पुरुष मंडळी. वाचकांनी या वाक्यातील ‘यांसारख्या’ या एका शब्दाकडे लक्ष द्यावे. मराठी भाषेत ‘यांसारख्या’चा अर्थ एवढाच आहे की दिलेली नावे उदाहरणादाखल आहेत आणि त्यांच्या जातीचे इतर आजारही येथे अभिप्रेत आहेत. यादी बंद करायची असती तर ‘हेच आजार’ असे लिहिता आले असते. तसे लिहिलेले नाही. मग पाय सडलेला, दृष्टी मंदावलेली किंवा डायलिसिसवर असलेला मधुमेही, ज्याला स्वतःचा चरितार्थ खरोखर चालवता येत नाही, त्याचा अर्ज या शब्दाखाली का घेतला जाऊ नये? कायदा बदलण्याची गरज नाही, संसदेत विधेयक नेण्याची गरज नाही. मराठी भाषेतील एक शब्द सरळ अर्थाने वाचण्याची गरज आहे. तेवढेही धैर्य आमच्या प्रशासनाला का होऊ नये?

धैर्य होत नाही, कारण शंका आली की नाकारणे हे कोणत्याही कार्यालयात सर्वांत सुरक्षित असते. मंजूर केलेल्या अर्जावर लेखापरीक्षक बोट ठेवतो. नाकारलेल्या अर्जावर कोणी बोट ठेवत नाही. समजा, रसाळगडाच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतील पन्नाशीची विधवा बाई आहे. मुलगा मुंबईत कुठे तरी रोजावर आहे. बाईला बारा वर्षे मधुमेह. उजव्या पायाची दोन बोटे काढलेली, नजर अंधूक. तिने उत्पन्नाचा दाखला काढायचा, वयाचा दाखला काढायचा, महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहत असल्याचा दाखला काढायचा, सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणायचे, आणि हे सारे घेऊन तहसील कचेरीत उभे राहायचे. त्यातच दिव्यांगत्वाचे टक्के ठरवून घ्यायचे तर डोळ्यांचे तज्ज्ञ आणि हाडांचे तज्ज्ञ दोघेही हवेत. ते जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात एकाच दिवशी भेटले तर ठीक. नाही तर जिल्ह्याचे ठिकाण आहेच, आणि रत्नागिरी खेडहून सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. पहाटेची एस.टी. धरायची तर इन्सुलिन केव्हा टोचायचे आणि त्यावर भाकरी केव्हा खायची, हा विचार वेळापत्रक करणाऱ्याने केलेला नसतो. रांगेत साखर उतरून बाई खाली बसली, तर लोक म्हणणार, उपाशीपोटी कशाला आली? सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण निरोगी माणसांनी केलेली आहे. जखम सहा महिने थांबत नाही.

एवढे करून मिळते काय, तेही पाहू. योजनेची रक्कम 2019 साली दरमहा 1,000 रुपये झाली, 2023 साली 1,500 झाली, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी 2025 च्या ऑक्टोबरपासून ती 2,500 करण्यात आली. या वाढीचे आम्ही स्वागतच करतो. पण तिने मधुमेही माणसाच्या दृष्टीने चाळिसाची भिंत आणखी उंच झाली. भिंतीच्या अलीकडे दुर्धर आजाराच्या नावाने कोणी शिरलाच तर त्याला 1,500; भिंतीपलीकडच्याला 2,500. उत्पन्नाची मर्यादाही अशीच दुहेरी ठरवलेली: दिव्यांगाच्या कुटुंबाला वर्षाला 50,000 रुपये, इतरांना 21,000. एकवीस हजारांना तीनशे पासष्टांनी भागून पाहा. साऱ्या कुटुंबाचे रोजचे उत्पन्न सत्तावन्न रुपयांच्या वर गेले, तर ते कुटुंब निराधार नव्हे! एवढ्या उत्पन्नात मधुमेहाचे पथ्य तर राहोच, साधी डाळही रोज शिजत नाही. मग सामान्य माणूस काय करतो? उत्पन्नाचा दाखला खोटा काढतो. प्रामाणिक माणसाला खोटे बोलल्याखेरीज मदत मिळणार नाही अशी मर्यादा ज्यांनी ठरवली, त्या खोटेपणाचा मोठा वाटा त्यांच्या पदरात जातो.

आता आमच्या विरोधकांचे ऐकू. त्यांचा पहिला आक्षेप तिजोरीचा. दहा कोटी माणसांना अपंग ठरवले तर देश विकावा लागेल, असे ते म्हणतात. पण दहा कोटींची मागणी कोणी केली आहे? ज्यांची काम करण्याची शक्ती गेली आहे आणि ज्यांना दुसरा आधार नाही, एवढ्यांचीच ही मागणी आहे, आणि ती संख्या याच कामाची चाळण लावून निश्चित करता येते. शिवाय वेळेवर मिळालेले दरमहा दीड हजार रुपये पथ्याला, चपलेला, तपासणीच्या पट्ट्यांना आणि औषधाला लागले, तर जो पाय वाचेल, त्या पायाच्या शस्त्रक्रियेचा आणि पुढच्या आयुष्यभराच्या अनुदानाचा खर्चही वाचेल. तिजोरीचाच विचार करायचा तर तो असा दोन्ही बाजूंनी करावा.

दुसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा. 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्या वादळाचा धडा कोणता? खोट्याने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद 2016 च्या कायद्यात आहेच; ती कठोरपणे वापरावी. वरच्या जागांसाठी कोणी लबाडी केली, म्हणून खेडच्या मजुराचा कागद चारदा उलटून पाहावा, हा धडा नव्हे. आणि मधुमेहाची लबाडी करणे तर अधिकच कठीण. रक्त खोटे बोलत नाही. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर एका तपासणीत कळते, डोळ्याच्या पडद्याचे चित्र घेता येते, मूत्रपिंडाचे काम आकड्यांत मोजता येते. पाठदुखीहून मधुमेहाची हानी सिद्ध करणे सोपे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कडू, कारण तो आपल्या घरांतूनही ऐकू येतो. हा रोग म्हणे ज्याने-त्याने ओढवून घेतलेला असतो. जिभेला आवर घातला नाही, आता भोगा. हे बोलणाऱ्यांना टाइप 1 मधुमेह ठाऊक नसावा. आठ वर्षांच्या मुलीने कोणते खाणे खाल्ले, म्हणून तिच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन करणे सोडून दिले? 1922 च्या आधी अशी मुले महिन्या-वर्षांत दगावत असत. त्या वर्षाच्या जानेवारीत टोरांटो येथे एका किशोरवयीन मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि हा रोग जगण्यासारखा झाला. इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांनी आपला हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. ते औषध सर्वांचे असावे, ही त्यांची इच्छा होती. शंभर वर्षांनंतर आम्ही रुग्णाच्या जिभेचा हिशेब मागत बसलो आहोत! आणि टाइप 2 च्या रुग्णाविषयीही हा निवाडा अन्यायाचा आहे. स्वस्त तांदूळ, रात्रपाळी, आनुवंशिकता आणि दूरचा दवाखाना यांतले त्याने स्वतः काय निवडले होते?

‘ओढवून घेतलेला रोग’ हा युक्तिवाद न्यायालयातही टिकलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला माणसे दिली, म्हणून पुढील निर्णय येथे सांगणे अगत्याचे आहे. 2025 च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टाइप 2 मधुमेह जडलेल्या एका निवृत्त सैनिकाचे दिव्यांगत्व निवृत्तिवेतन कायम केले. आजार शांततेच्या ठाण्यावर असताना जडला, तो सेवेमुळे नव्हे, असे सरकारचे म्हणणे होते. भरती होताना जो निरोगी होता, त्याला सेवेत असताना रोग जडला तर त्याचा सेवेशी संबंध नाही हे वैद्यकीय मंडळाने कारणे देऊन दाखवावे. नुसते ठाण्याचे नाव सांगून भागणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे. सैनिकाला लावलेले हे माप कंत्राटी कामगाराला आणि शेतमजुराला जसेच्या तसे लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. पण कारणे द्या, एवढी मागणी तरी तोही करू शकतो. आणि 2021 च्या फेब्रुवारीत, परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून झगडलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की चाळीस टक्क्यांची अट काही विशिष्ट लाभांपुरती आहे. दिव्यांग व्यक्तीच्या सर्व हक्कांवर ती लादता येणार नाही.

परदेशांचा दाखलाही आमच्यावर उलटवला जातो. अमेरिकेने 2011 साली सामाजिक सुरक्षेच्या यादीतून मधुमेह हे प्रौढांसाठीचे स्वतंत्र नाव काढून टाकले, हे खरे आहे. परंतु तेथे मधुमेहाचे मूत्रपिंडावर, डोळ्यांवर, मज्जातंतूंवर झालेले परिणाम आणि त्यामुळे उरलेली कार्यशक्ती एकत्र पाहिली जाते. शिवाय रोज इन्सुलिन लागणारे सहा वर्षांखालील मूल त्या यादीत आजही आहे. जर्मनीची पद्धत तर विशेष विचार करण्यासारखी आहे. ज्याला दिवसातून किमान चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते, त्याची मात्रा स्वतः ठरवून बदलावी लागते, आणि ज्याच्या दैनंदिन जीवनात त्याखेरीजही मोठा व्यत्यय येतो, त्याला तेथे 50 अंशांचे अपंगत्व मिळू शकते. पाय तुटण्याची वाट ते पाहत नाहीत. रोग सांभाळण्यासाठी माणूस रोज किती श्रम करतो ते मोजतात. आणि इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. केरळने 2018 साली टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांसाठी योजना काढली. तिचे नाव ‘मिठाई’ ठेवले. ज्या मुलांना मिठाई वर्ज्य, त्यांच्यासाठी एका राज्याने एवढा गोडवा दाखवला. महाराष्ट्राने 2022 साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढून देशात पहिला मान मिळवला. त्या मानाला शोभेल असे पाऊल आता उचलावे.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, संजय गांधी निराधार योजनेतील ‘यांसारख्या दुर्धर आजार’ या शब्दांत, काम करण्यास असमर्थ ठरलेला मधुमेही आणि डायलिसिसचा रुग्ण येतो, असे शासनाने परिपत्रक काढून स्पष्ट करावे. म्हणजे खेडच्या कचेरीतील कारकुनाला धैर्य गोळा करण्याची गरज उरणार नाही. दुसरी, एकवीस हजारांची मर्यादा किमान दिव्यांगांच्या मर्यादेइतकी करावी. तिसरी, प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस डोळे, हाडे आणि सामान्य औषधशास्त्र यांचे तज्ज्ञ एकत्र बसावेत आणि त्या दिवशी मधुमेह्यांना रांगेत उपाशी उभे करू नये. चौथी, केंद्राने अनुसूचीतील आपली किल्ली वापरावी: टाइप 1 मधुमेह आणि निकामी झालेले मूत्रपिंड यांची कार्यशक्तीवर आधारलेली मोजणी ठरवून द्यावी.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे मात्र बरे नव्हे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी डोळ्याची आणि पायाची तपासणी वेगवेगळी करून घ्यावी आणि दोन्हींचा एकत्रित आकडा काढण्याची मागणी करावी; अनेकांचे चाळीस टक्के केवळ कोणी सूत्र न लावल्यामुळे हुकतात. प्रमाणपत्र नाकारले तर नकार लेखी मागावा. तो देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याच कायद्याच्या 59 व्या कलमाखाली त्यावर अपील करता येते. शासकीय नोकरीत असताना अपंगत्व आले तर कलम 20 नुसार नोकरीवरून काढता येत नाही किंवा दर्जा कमी करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. ग्रामसभेत तिचा हिशेब विचारावा. आणि औषधाची प्रत्येक चिठ्ठी, रक्ताचा प्रत्येक अहवाल जपून ठेवावा. गरिबाचे दुखणे कचेरीत कागदाच्या रूपानेच उभे राहते.

आपल्या धर्मग्रामांतून आजाऱ्याला मदत करण्याची परंपरा जुनी आहे. सणासुदीला तांदळाची पिशवी जाते, औषधासाठी वर्गणी निघते. ते चालू राहावे. पण तांदूळ महिनाभरात संपतो. मंजूर झालेला अर्ज दर महिन्याला घरात काही तरी आणतो. प्रत्येक धर्मग्रामात दोन शिकलेल्या तरुणांनी एवढेच काम अंगावर घेतले, की रुग्णाचा अर्ज भरायचा, त्याच्याबरोबर कचेरीत जायचे, आणि नकार आला तर तो लेखी घेऊनच परतायचे, तर कितीतरी घरांतील चूल पेटती राहील. जो मदत मागतो तो भीक मागत नाही, हे त्या रुग्णालाही सांगावे लागते. कारण लाजेने घरी बसणारेच आपल्यात अधिक आहेत.

राज्याकडून आम्ही दयेची अपेक्षा करीत नाही. त्याने नीट मोजावे, एवढीच अपेक्षा आहे. जो माणूस आज दोन पायांवर चालत तहसील कचेरीत आला आहे, त्याला उद्या एका पायावर येण्यास सांगू नये. त्याचा अर्ज आजच घ्यावा.